माझ्या काचेमागची शेजारीण

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, आणि माझ्या पोटात साप राहून गेलेत. चित्रातले नव्हे, खरे. विषारी. हे ऐकून जो मागे सरकला असेल त्याने खुशाल तिथेच बसावं, गोष्ट तिथूनही ऐकू येते.

तब्येतीने मी भक्कम. अक्रोडाच्या रंगाचं लाकडी खोकं, चार तिरके पाय, पुढे काच, बाजूला दोन बटणं, आणि पाठीला हवा जायला भोकांची फळी. ती भोकं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतात. कारखान्यात माझ्यासारखे शंभर जण रांगेत उभे होते. कुणाला मोठी शहरं मिळाली, कुणाला हॉटेलं. माझ्या नशिबी आलं पोदकामेन. दूर परदेशात, दाल्मातिया नावाच्या मुलखातलं, डोंगरामागचं गाव. तिथे माणसांपेक्षा दगड जास्त, आणि दगडांपेक्षा वारा जास्त. मी आलो बसच्या टपावर, पिठाच्या दोन पोत्यांच्या मध्ये दबून. उतरवून घेतलं मार्तिनने. गावातला एकुलता एक कॅफे त्याचा.

काय माझा थाट होता म्हणून सांगू. मार्तिन मला स्वतःच्या रुमालाने पुसायचा. त्याच्या आईने विणलेला जाळीचा पांढरा रुमाल माझ्या डोक्यावर. फुटबॉल असला की लोक खिडकीत लटकायचे. माणूस चंद्रावर उतरला तो पोदकामेनसाठी माझ्याच पोटात उतरला. गावची सुईण पेर्कामावशी पुढच्या खुर्चीवर होती. ती म्हणाली, "तिथेही दगडच आहेत की. मग एवढ्या लांब कशाला गेले."

पण एक कबुली द्यायची आहे. त्या दिवसांत मी सापांचे सिनेमे पण दाखवायचो. ढोल वाजायचे, साप फुत्कारून अंगावर यायचा, बाई किंचाळायची. लोक खूश, मी पण खूश. दुसऱ्या दिवशी गावच्या रस्त्यावर मेलेली जनावरं पडलेली असायची. त्यात विषारी एखादंच. बाकी सगळे गरीब बिचारे, एकदा तर बिनपायाची एक मोठी पालच, जी गोगलगाई खाऊन जगते. तिलाही कुदळीने ठेचलं. ते बघून व्हिद कॅफेत आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "रात्री याने भुंकायचं आणि सकाळी तुम्ही चावायचं." तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.

व्हिद हा गावचा सापवाला. त्या भागात पोस्कोक नावाचा साप असतो, नाकावर छोटं शिंग असलेला. तुमच्या घोणशीचा लांबचा भाऊ समजा. व्हिद ते जिवंत धरायचा आणि घरी पेट्यांत ठेवायचा. महिन्यातून एकदा शहरातून गाडी यायची आणि घेऊन जायची. तिथे त्यांच्या विषापासून लस बनायची, साप चावलेल्या माणसाला टोचायची. बापानेही हेच केलं, हाही हेच करायचा. दुसरं काही येत नव्हतं, असं तो स्वतःच सांगायचा.

पुढे माझी पिक्चर ट्यूब गेली. मार्तिनने रंगीत टीव्ही आणला, नवा, चकचकीत. मला लाकडाच्या खोपीत टाकलं. दोन हिवाळे मी तिथे काढले. जाळीचा रुमालही त्या नव्याच्या डोक्यावर गेला, ते जास्त लागलं. मग एक दिवस व्हिद खोपीत डोकावला.

"मार्तिन, हे खोकं देतोस?"

"घे. पण करणार काय? मेलंय ते."

"भाडेकरू ठेवतो," व्हिद म्हणाला.

आणि ठेवले. आतलं सगळं काढून टाकलं, ट्यूबच्या जागी जाड काच बसवली, तळाला वाळू, त्यावर सपाट दगड, पाण्याची वाटी. पाठीच्या फळीला भक्कम कुलूप. पहिली भाडेकरीण आली ती राखाडी अंगाची, पाठीवर काळी नागमोडी पट्टी, शेपटीचा शेंडा तुटलेला. तिला नाव व्हिदने नाही दिलं. त्याची बायको मांदा तिला 'शेजारीण' म्हणायची. मला वाटलं होतं ढोल वाजतील. कसलं काय. ती दगडावर चढली, वेटोळं केलं आणि झोपली. दुसऱ्या दिवशी कूस बदलली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात शांत कार्यक्रम तोच.

आता व्हिदच्या घरची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कुलपाची किल्ली व्हिदकडे नसायची. ती मांदाच्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी. दोघं असल्याशिवाय फळी उघडायची नाही. आणि मांदा आधी नवऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायची, मगच किल्ली काढायची. एक घोट जरी घेतलेला असला तरी त्या दिवशी पेटी बंद. पंचवीस वर्षांत त्या घरात कुणाला ओरखडा नाही. बाहेर सुद्धा व्हिद कुंपणाच्या दगडी भिंतीतला दगड उचलायच्या आधी काठीने तीनदा ठोकायचा. "दुसऱ्याच्या दारात शिरतोय आपण," म्हणायचा. "वाजवायला नको?"

आणि गावाची एक खोड सांगतो. पोदकामेनमध्ये थाप मारायची ती तोंड सरळ ठेवून. समोरचा पण तोंड सरळ ठेवणार. जो आधी हसला तो हरला. व्हिद यात सगळ्यांचा बाप. त्याच्या चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही. हीच खोड त्याला नडली.

जुलैमध्ये टीव्हीवाले आले. माझेच भाऊबंद म्हणा. त्यांचा साहेब ब्रानिमिर, पांढरे बूट घालून डोंगरात आलेला. मांदाने टेबलावर सुकवलेलं मांस, चीज, अंजिरं मांडली. पाहुणा तो पाहुणा. व्हिदने दाढी केली, रविवारचा सदरा घातला. ब्रानिमिरने तो सदरा उतरवायला लावला आणि बागेतला फाटका घालायला लावला. व्हिदने तो घातला. मग तासभर त्याने सगळं नीट सांगितलं, लस, गाडी, किल्ली, भिंतीवर ठोकणं. ब्रानिमिर जांभया देत होता.

"मावशी, तुम्ही जरा बाजूला होता का?" तो मांदाला म्हणाला. "ती किल्ली चित्रात येतेय. मजा जाते."

मांदा बाजूला झाली. चुलीपाशी जाऊन उभी राहिली, हात बांधून.

"काका, भीती नाही वाटत?"

"वाटते की. मांदाची."

ब्रानिमिर हसला नाही. व्हिदला वाटलं, अरे वा, खेळाडू आहे.

"झोपतात कुठे हे?"

"आमच्यातच. मांदा भिंतीकडे, मी मध्ये, साप कडेला. थंडीत जागा बदलतो."

"आणि सगळ्यात मोठा?"

"तो रविवारी चर्चला येतो माझ्याबरोबर. गात नाही मात्र. आवाज घोगरा आहे."

व्हिद वाट बघत होता, हा आता हसेल, मग हसेल. तो वहीत लिहून घेत होता.

"आता त्याला उडी मारायला लावा," ब्रानिमिर म्हणाला. "पोस्कोक म्हणजे उडीवाला. झाडावरून माणसाच्या अंगावर पडतो म्हणतात."

"नाव आहे ते. मार्तिनच्या आडनावात लांडगा आहे. म्हणून तो मेंढ्या फाडतो का? हा नाही उडी मारत. पाय वाजला की आधी निघून जातो."

"मग पेटी तरी उघडा."

चुलीजवळून मांदा म्हणाली, "त्याने तुमच्याबरोबर दोन प्याले घेतलेत. पेटी उद्या."

उद्यापर्यंत कोण थांबतो. मी माझ्या काचेतून बघितलं ते सांगतो. कॅमेरावाल्याने रस्त्यात सापडलेला एक बिनविषारी साप पिशवीतून काढला आणि अंजिराच्या झाडावरून खाली फेकला. तीनदा फेकला, कारण दोनदा उजेड नीट नव्हता. बिचारा चौथ्यांदा हाती लागला नाही, पळाला. मग मंडळी जेवून गेली.

ऑगस्टच्या सुरुवातीला कार्यक्रम लागला. कॅफेची खिडकी आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर, मी सगळं बघत होतो. व्हिद आणि मांदा नटूनथटून पुढच्या खुर्च्यांवर बसलेले. ढोल सुरू झाले आणि मी समजलो. फाटक्या सदऱ्यातला व्हिद. अंजिरावरून पडणारा साप. साप कडेला झोपतो, चर्चला येतो. मांदा कुठेच नाही. किल्ली नाही. गाडी नाही, लस नाही. शेवटी एक जाडा आवाज म्हणाला, मृत्यूला उशाशी घेऊन झोपणारा वेडा.

कॅफेत कुणी हसलं नाही. व्हिदला वाटलं सगळे तोंड सरळ ठेवतायत. मग पेर्कामावशीने खुर्ची त्याच्यापासून लांब ओढली.

"अरे थाप होती ती," व्हिद म्हणाला.

"इथे बोलला असतास तर थाप," मार्तिन म्हणाला. "तू तिकडून बोललास."

"चाळीस वर्षं पत्ते खेळतोय आपण, मार्तिन."

"ते लोक शहरातून आले होते. त्यांना काय पडलीय खोटं बोलायची?"

"खरं सांगतो, मी कधी..."

"बघा, बघा," पेर्कामावशी म्हणाली. "आता पण हसत नाहीये."

मित्रांनो, इथे खरी गोम होती. जन्मभर ज्याने सरळ तोंडाने थापा मारल्या, त्याने आता सरळ तोंडाने खरं सांगितलं तर ओळखायचं कसं? जितका तो शपथेवर येई, तितके लोक मान डोलावून म्हणत, काय रंगवतो. चर्चमध्ये कुणाला बाकाखाली शेपटी दिसली. ती छत्रीची मूठ निघाली, पण बभ्रा व्हायचा तो झाला. मांदाकडून अंडी न्यायला कुणी येईना. मार्तिनने पत्त्यांसाठी हाक मारणं बंद केलं. शेवटी गाव बसलं आणि ठरलं: ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्रार्थनेनंतर गाडी बोलवायची, सगळे साप चढवायचे, आणि पुन्हा गावात एकही पेटी दिसता कामा नये.

व्हिद अठ्ठावन्न वर्षांचा होता. संध्याकाळी तो माझ्यापुढे स्टूल घेऊन बसायचा. थापा मारायचा बंद झाला होता. मांदा म्हणाली, "एखादी मार की रे, घर सुनं वाटतंय." तो म्हणाला, "उपयोग काय. मेलो तरी लोक म्हणतील, काय सोंग घेतलंय."

त्या आठवड्यात शेजारीण खाईना. पोट जड झालं होतं, मला वाळूवर वजन कळत होतं. हे साप अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. मांदाने एकदा बघितलं आणि आपली पिठाची चाळणी कापली. ती बारीक जाळी माझ्या पाठीच्या भोकांवर बाहेरून ठोकून टाकली, पिल्लं निसटू नयेत म्हणून. चांगली नवी चाळणी होती.

गुरुवारी व्हिद कॅफेत जाऊन म्हणाला, "आठ दिवस थांबा. शेजारीण बाळंत होणार आहे."

सगळा कॅफे खो खो हसला. पोदकामेनच्या नियमाने सगळे हरले होते. पण मान खाली घालून बाहेर पडला तो व्हिद.

रविवार उजाडला. कॅफेपुढे मोठं झाड आहे, त्याखाली दगडी बाक. व्हिद आणि मांदाने एकेक पेटी आणून ठेवली, शेवटी मला. मांदाने खडूने माझ्यापुढे जमिनीवर रेघ ओढली. म्हणाली, "यापुढे कुणी नाही." कुणी येणारही नव्हतं. प्रार्थना सुटली, लोक आले आणि आमच्याकडे पाठ करून कॅफेच्या खिडकीकडे तोंड केलं. कारण तिथे रंगीत टीव्ही होता, आणि नेमका त्याच दुपारी तो कार्यक्रम पुन्हा लागला होता. गाडी यायला वेळ होता. ढोल सुरू झाले.

माझ्या पोटात शेजारीण हलली. अंगातून एक कळ गेली, मानेपासून शेपटीपर्यंत, सावकाश. मग दुसरी. तिने तुटकी शेपटी उचलली.

पेर्कामावशीला ढोलांनी डोकं दुखतं, म्हणून ती वळली. डोक्यावरच्या रुमालाने कपाळ पुसता पुसता तिची नजर माझ्या काचेवर पडली. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने त्या गावातली निम्मी माणसं आपल्या हातांनी जगात आणलेली. ती रेघेपर्यंत आली. वाकली.

"ही बाळंत होतेय," ती म्हणाली.

"मी गुरुवारी तेच सांगत होतो," व्हिद म्हणाला.

"तू सांगितलंस, म्हणून तर विश्वास नाही ठेवला." मग ती सरळ झाली आणि तिचा सुईणीचा आवाज लागला. "ए, तो गोंगाट बंद करा आधी. बाळंतिणीपुढे ढोल बडवतायत."

मार्तिन खिडकीत उभा होता. त्याच्या टीव्हीवर त्याच क्षणी अंजिरावरून साप पडत होता. त्याने तिकडे बघितलं, मग इकडे बघितलं. माझा लाकडी चेहरा त्याने ओळखला असावा. हात लांब करून त्याने आपला रंगीत टीव्ही बंद केला. मित्रांनो, त्या माणसाने टीव्हीचं बटण बंद केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मग सगळे वळले आणि माझ्यापुढे उभे राहिले. खडूच्या रेघेमागे, अर्धगोल करून. किती वर्षांनी.

पहिलं पिल्लू आलं ते पातळ पारदर्शक पिशवीत, गुंडाळी होऊन. एक क्षण निपचित. मग पिशवी आतून ढकलली गेली, बारीकसं डोकं बाहेर आलं, नाकावर शिंगाचा ठिपका, आणि त्याने जांभई दिली.

"बापावर गेलंय," मांदा म्हणाली.

"आई कशी गप आहे बघ," कुणीतरी म्हणालं. "मी तर तीन गावं जागी केली होती."

"मला माहीत आहे," पेर्कामावशी म्हणाली. "मीच होते ना तिथे. अजून माझा कान वाजतो."

दुसरं आलं, तिसरं आलं. दोन पिल्लं दगडामागे गेली तेव्हा मुलं टाचा उंचावून बघायला लागली, आणि मांदाने रेघेवर पाय वाजवला. अकरावं झाल्यावर जरा थांबलं. पेर्कामावशी म्हणाली, "अजून आहे. पोट बघा." आणि होतं. बारा. उडी कुणी मारली नाही. शेजारीण दगडाला टेकून पडली होती, दमलेली.

एवढ्यात गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तर वीस माणसांनी एकदम वळून त्याला शू केलं. तो बिचारा टोपी काढून चालत आला.

"सगळे न्यायचे ना?" त्याने विचारलं.

गावाचा ठराव होता, मोडायचा कुणी? पेर्कामावशीच बोलली. "बाकीच्या पेट्या न्या. ही नाही. बाळंतिणीला चाळीस दिवस घरातून हलवत नाहीत. आमच्याकडे नाही हलवत."

"पण मावशी, साप आहे तो."

"मी काय आंधळी आहे? चाळीस दिवस म्हणजे चाळीस दिवस."

ती रीत गावाच्या ठरावाहून जुनी होती, त्यामुळे कुणाला काही म्हणता आलं नाही. मला उचलून घरी नेलं. एका बाजूने व्हिद, दुसऱ्या बाजूने मार्तिन. संध्याकाळी रीतीप्रमाणे बायका बाळंतिणीच्या घरी आल्या, गोड पाव आणि अंडी घेऊन. सापाला ते काय करायचं, मांदानेच खाल्लं. पेर्कामावशीने मात्र एक नवी चाळणी आणली होती. आणताना म्हणाली, "कापू नकोस ही."

मार्तिनही आला, खिशात पत्त्यांचा जोड. बसला, पिसले, वाटले. दोन डाव झाले. मग व्हिद पत्त्यांतून वर न बघता म्हणाला, "त्यातल्या एकाचं नाव मार्तिन ठेवलंय. जो जास्त झोपतो त्याचं."

मार्तिनने तोंड सरळ ठेवलं. गाल थरथरले, नाक फुललं, डोळ्यांत पाणी आलं. मग तो हरला, आणि असा हरला की हातातले पत्ते सांडले.

पिल्लं व्हिदने पुढच्याच आठवड्यात डोंगरावरच्या ओसाड भिंतीपाशी सोडली, आधी तीनदा ठोकून. चाळीस दिवस सरले तेव्हा गावाच्या ठरावाची आठवण कुणी काढली नाही. पुढची गाडी आली, त्याच्या पुढचीही आली. कित्येक वर्षं माझ्या काचेमागे कुणी ना कुणी राहत होतं.

आता व्हिद म्हातारा झालाय, गाडी यायची थांबलीय, आणि मी मांदाच्या परसात आहे. पाठीची फळी निघालीय. एक लाल कोंबडी माझ्यात अंडी घालते, आणि ती शेजारणीपेक्षा कितीतरी भांडकुदळ आहे. पाऊस आला की माझे पाय फुगतात. कुणीतरी वर एखादं पोतं टाकलं तर बरं होईल, एवढंच मागणं आहे.

आणि हो, मित्रांनो, एक सांगायचं राहिलं. साप दिसला तर दोन पावलं मागे जा आणि त्याला जाऊ द्या. त्याला तुमच्यापेक्षा जास्त घाई असते. आणि माझ्या जातीच्या एखाद्या खोक्यात ढोल वाजायला लागले, कुणी वेडा, कुणी राक्षस म्हणून दिसायला लागला, तर माझा राग धरू नका, पण लगेच कुदळही उचलू नका. आधी मनात एवढं विचारा: किल्ली गळ्यात घातलेली बाई कुठे आहे? ती असतेच. तिला फक्त बाजूला व्हायला सांगितलेलं असतं.